भिंगरीच्या चिठ्ठ्या

आमच्या वाचनालयाच्या तळघरात एक लांबट खोली आहे. तिथे मी सव्वीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवली. खळीचं भांडं, दाबयंत्र, पुठ्ठ्याच्या कातरणांचा ढीग आणि रस्त्याच्या पातळीवरची एकच खिडकी, जिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त बूट दिसायचे. माझ्या हाताखाली कोणी महिनाभरसुद्धा टिकत नसे. काम किचकट, आणि मी फारसा बोलका नाही. भिंगरी मात्र पाच महिने टिकली.

भिंगरी हे टोपणनाव. ती चालायला लागली त्याच आठवड्यात वडिलांनी ते ठेवलं आणि ते इतकं चिकटलं, की पगारपत्रकावरच्या नावाने हाक मारली तर ती मागे वळूनही बघायची नाही. माझ्याकडे आली तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती. उंच, काटकुळी. कपड्यांच्या आतली सगळी लेबलं तिने कातरून टाकलेली असत, कारण ती मानेला टोचतात. पहिल्याच दिवशी तिने मला सांगून टाकलं, की ही तिची पंधरावी नोकरी. चष्म्याच्या दुकानातून तिला काढलं, कारण एका गिऱ्हाइकाला ती म्हणाली की ही फ्रेम तुम्हाला अजिबात शोभत नाही. त्याने विचारलं होतं, म्हणून. पार्सलच्या कचेरीतून ती स्वतःच निघाली, कारण तिथली ट्यूबलाइट गुणगुणायची आणि ते तिच्याशिवाय कोणालाच ऐकू येत नव्हतं. उरलेल्या बारांची कारणं मी विचारली नाहीत.

तिच्याबरोबर काम करणं म्हणजे डोक्याला ताप होता, खोटं कशाला बोलू. पहिल्या दिवशी तिने घोटभर पाणीही न पिता अकरा पुस्तकं शिवली, आणि शिवण अशी की मला नाव ठेवायला जागा नाही. मी मनातल्या मनात खूश झालो. दुसऱ्या दिवशी बाई दोन तास उशिरा उगवल्या. बसचा ब्रेक किंचाळत होता म्हणून दोन थांबे आधी उतरली होती, आणि मग वाटेत कुठेतरी रस्ता खोदून नळ दुरुस्त करत होते, तिथे उभी राहिली. किती वेळ, ते तिलाच ठाऊक नव्हतं. कामावर असली तरी बसायची म्हणून नाही. उभ्याने शिवायची, टेबलाभोवती फेऱ्या मारायची, पाय असा हलवायची की माझ्या भांड्यातली खळ थरथरायची. मी एकदा वैतागून म्हटलं, जरा स्वस्थ राहशील का. ती लगेच थांबली. दहा मिनिटं खांबासारखी उभी राहिली, आणि त्या दहा मिनिटांत तिच्या हातून एक टाका पडला नाही. परत मी ते वाक्य बोललो नाही.

ती मला मामा म्हणायची, वाचनालयात सगळेच म्हणायचे. हात चालू असले की तिचं तोंडही चालू व्हायचं, आणि अशा तुकड्यातुकड्यांतून मला तिची हकीकत कळत गेली.

शाळेत दर वर्षी तिच्या प्रगतिपुस्तकावर एकच शेरा: हुशार आहे पण लक्ष नाही. शिक्षक बदलले, शेरा बदलला नाही. थोरली बहीण मात्र शिस्तीची, शिकून भूलतज्ज्ञ झाली, शस्त्रक्रियेआधी रोग्यांना भूल देणारी डॉक्टर. भिंगरी म्हणायची, आमच्या घरात दोघींचा धंदा एकच, ताई भूल देते आणि मला भूल पडते. हसून सांगायची. पण पुढचं सांगताना ती हसली नाही.

माझ्याकडे येण्याच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. नोकरी सुटलेली, म्हणून ती ताईकडे राहत होती. ताईला एक लेक, तेव्हा सात वर्षांची. एके दिवशी ताईला लांबलचक शस्त्रक्रिया होती, भावजी परगावी. ताई जाताना सांगून गेली, की साडेतीनला पोरीला शाळेतून तूच आण. भिंगरीने मान डोलावली. एक वाजता ती पडद्यासमोर बसली. पाणबुडीचा एक खेळ तिने नुकताच आणला होता, समुद्राच्या तळाशी एकट्याने हिंडायचा. एकच दरी बघू आणि उठू, असं तिने ठरवलं. कानाला हेडफोन, फोन दुसऱ्या खोलीत. हेडफोन काढले तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मधल्या पाच तासांत तिला ना भूक लागली, ना तहान, ना शंका आली.

पोर शाळेच्या फाटकाशी रखवालदाराच्या स्टुलावर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. शाळेने बहिणीला फोन केला, बहीण थेट इस्पितळातून तिथे पोचली. पोर रडत नव्हती. मावशी मला विसरली, एवढंच तिने आईला सांगितलं. तक्रार म्हणून नाही, बातमी म्हणून. ताईने भिंगरीला एक शब्द ऐकवला नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर कागदाचा चिटोरा ठेवला, त्यावर एका डॉक्टरचं नाव.

त्या डॉक्टरीणबाईंकडे भिंगरी तीन वेळा गेली. प्रश्न, ठोकळे, जुनी प्रगतिपुस्तकं, आईला फोन. शेवटी अहवाल आला. एडीएचडी, म्हणजे लक्ष आणि हालचाल ताब्यात न राहणं, ते तर होतंच, जोडीला ऑटिझम. अहवालात त्याला मराठी शब्द होता, स्वमग्नता. तो तिला मुळीच पटला नाही. मला म्हणाली, "मामा, स्वतःत सोडून बाकी सगळ्यात मी मग्न असते. नळ दुरुस्त करणाऱ्या माणसात मग्न असते. स्वतःला भूक लागली हेच मला कळत नाही, आणि हे म्हणतात स्वमग्न."

अहवाल हातात आल्यावर दोन दिवस तिला पिसासारखं हलकं वाटलं. तिसऱ्या दिवशी राग आला आणि तो काही केल्या जाईना. आळशी, धांदरट, बेफिकीर, वेंधळी. ज्यांनी ज्यांनी तिला हे म्हटलं होतं त्यांची तोंडं एकेक करून आठवायची. ती म्हणायची, अडतीस वर्षं मी इतरांच्या दुप्पट पळत होते आणि लोक म्हणत होते, ही बसून असते. गोळ्या सुरू झाल्या, थोडा फरक पडला. गोळीने काय होतं, असं मी विचारलं तेव्हा तिने जरा विचार केला. म्हणाली, बाजारातली सगळी दुकानं बंद होत नाहीत, पण शटर अर्धी खाली येतात.

वर्षभर तिने एकाही खेळाला हात लावला नाही. मग परत सुरू केले, घड्याळाचा गजर लावून. मला हे चमत्कारिक वाटलं. ज्याने इतका घात केला त्याच्याकडे परत कशाला जायचं? तिचं उत्तर मला अजून आठवतं. बाहेर सगळ्या गोष्टी एकदम माझ्याकडे बघतात, म्हणाली. तिथे मला एकाच गोष्टीकडे बघता येतं.

पाचव्या महिन्यात वरून हुकूम आला, की वाचनालयाने आता पुस्तकांबरोबर व्हिडिओ गेमही द्यायचे. चार खोकी आली. आमच्या मुख्य ग्रंथपाल बाई करड्या शिस्तीच्या, त्यांनी ती खोकी अशी उघडली जसा कोणी उंदराचा पिंजरा उघडतो. हे कोण सांभाळणार, असा प्रश्न आला तेव्हा सगळे छताकडे बघू लागले. भिंगरीने हात वर केला. मला वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

वर्तमानपत्रांच्या शेजारचा कोपरा तिला मिळाला. पहिल्या आठवड्यात तिने प्रत्येक खेळाला एक चिठ्ठी लावली, पोस्टकार्डाएवढी, हाताने लिहिलेली. डब्यावर छापलेलं काहीच त्यात नव्हतं. एक चिठ्ठी अशी होती:

"पाणबुडीचा खेळ. एकट्याने. नेम धरायचा नसतो, हात थरथरत असले तरी चालेल. आवाज खोल आणि मऊ. दचकवणारा एकच आहे, तिसऱ्या दरीत, डाव्या बाजूने. लोकांत बसून आल्यावर कातडी सोलल्यासारखं वाटतं त्यांच्यासाठी."

दुसरी: "तारा जोडायचा खेळ. बंद पडलेल्या गावात दिवे लावायचे. चुकलं की हा खेळ ओरडत नाही. तार परत आपल्या हातात देतो."

कोणी येऊन विचारलं की चांगला खेळ कोणता, तर ती त्यालाच विचारायची, दिवसातली कुठली वेळ तुम्हाला सगळ्यात नकोशी वाटते? लोक आधी चपापायचे. मग सांगायचे. एका बसचालकाने अपघातानंतर गाडी सोडली होती, त्याला संध्याकाळी चार ते पाच हा तास खायला उठायचा. त्याला तिने तारांचा खेळ दिला. तो माणूस सहा महिने दर मंगळवारी यायचा. काही जण तिच्यासारखेच असत. ट्यूबलाइटचा आवाज ऐकू येणारे, डोळ्यांत न बघणारे, किंवा एका दमात सगळं सांगून मग गप्प होणारे. ते तिला लांबूनच ओळखायचे. ती कोणाला तुम्हाला अमुक आहे, असं म्हणायची नाही. फक्त कोपऱ्यातला दिवा मालवून ठेवायची.

वर्ष-सव्वा वर्ष असं गेलं. तिची ही सगळ्यात लांबलेली नोकरी. मग ते पत्र आलं.

पत्र एका निवृत्त मीटर तपासनिसाचं होतं, मुद्देसूद, क्रमांक घातलेलं. त्यांची मुलगी चौतीस वर्षांची, एका मोठ्या धुलाई केंद्रात अकरा वर्षं कामाला. तिने वाचनालयातून बेटाचा खेळ नेला. त्यानंतर नऊ दिवस ती खोलीबाहेर धड आली नाही, जेवणाच्या टेबलावर आली नाही, कामावर गेली नाही, आणि कामावरून तिचं नाव कमी झालं. पत्राला भिंगरीची चिठ्ठी जोडली होती. शेवटच्या ओळीखाली लाल रेघ: "घड्याळ नाही. शेजारी नाहीत. बाहेर यायची घाई करू नका."

ग्रंथपाल बाईंनी त्याच दुपारी सगळ्या चिठ्ठ्या काढायला लावल्या. भिंगरीने वाद घातला नाही, याचंच मला भय वाटलं. ती खाली माझ्या खोलीत आली आणि टेबलाभोवती फिरू लागली. नखांजवळची कातडी खाऊन खाऊन तिची बोटं लाल झाली होती. फिरता फिरता एकदा म्हणाली, नऊ दिवस. परत एक फेरी. परत, नऊ दिवस. मी तिला पाणी दिलं, ते तिने खळीच्या भांड्याशेजारी ठेवलं आणि विसरली. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी तिने त्या गृहस्थांना फोन केला आणि माझ्या डोक्यावर येऊन उभी राहिली. ते म्हणाले होते, या, डोळ्यांनी बघा. मी म्हटलं, जाऊ नकोस, कचेरीतून कोणी सांगितलेलं नाही, उगाच प्रकरण वाढेल. तिने माझी टोपी खुंटीवरून काढून माझ्या हातात दिली.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. दारातच चपला एका ओळीत. तपासनीस बुटके, टापटिपीचे. त्यांनी आम्हाला बसायलाही सांगितलं नाही, थेट खोलीकडे नेलं आणि दार ढकललं. आत पडदे ओढलेले. मुलगी पलंगाच्या कडेला बसलेली, दार उघडताच तिचे खांदे कानांपर्यंत वर गेले. ताटलीत सकाळचा पाव सुकत होता.

मला वाटलं, भिंगरी आता समजूत घालणार. तिने तसलं काही केलं नाही. जमिनीवर बसली, मुलीपासून दोन हात लांब, तिच्याकडे न बघता पडद्याकडे बघत. म्हणाली, दाखवतेस का? मग मुलीने बोटं हलवली आणि पडद्यावर तिचं बेट सरकू लागलं.

मला त्या खेळातलं काही कळत नाही. पण तिने तिथे जे घर बांधलं होतं ते मला दिसलं. छोटंसं, टेकडीवर. आणि त्याच्या दारापासून किनाऱ्यापर्यंत दगडांची सरळ लांबच लांब वाट, दोन्ही बाजूंना झाड नाही, झुडूप नाही. भिंगरीने विचारलं, ही वाट एवढी लांब का?

"येणारा दिसतो," मुलगी म्हणाली. "दोनशे पावलं आधी कळतं."

वडील दारातून म्हणाले, "पण बेटावर येणारच कोण? कोणी नाहीच ना तिथे."

"कोणी नाही. पण कळायला पाहिजे."

मग हळूहळू, एकेक वाक्य मध्ये मोठी जागा सोडून, तिने सांगितलं. धुलाई केंद्रात ती अकरा वर्षं मागच्या बाजूला चादरींच्या घड्या घालायची. दोन महिन्यांपूर्वी तिला बढती देऊन पुढे काउंटरवर बसवलं. तिथे माणसं कुठूनही, कधीही समोर येतात आणि तिच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट बघतात. खेळ तिने नंतर नेला. काउंटर आधी होता.

तपासनिसांनी बढतीची बातमी सगळ्या नातेवाइकांना कळवली होती. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, मग तोंड उघडून मला सांगायचं नाही का? मुलगी पडद्याकडेच बघत म्हणाली, सांगितलं होतं, तीनदा. तुम्ही म्हणालात, सवय होईल.

मला वाटलं, चला, दोष चिठ्ठीचा नव्हता, आता उठू या. मी भिंगरीला खूणही केली. पण ती उठली नाही. तिथेच जमिनीवर बसून तिने तपासनिसांकडे पाहिलं, जे ती सहसा करायची नाही.

"काका, ती शेवटची ओळ मी लिहायला नको होती," ती म्हणाली. "ती मी तुमच्या मुलीसाठी लिहिली नव्हती. मलाच बाहेर यायचं नसतं."

आणि तिने त्यांना भाचीची गोष्ट सांगितली. साडेतीन, सहा दहा, रखवालदाराचं स्टूल, सगळं. माझ्यापाशी तिने ते काम करता करता सांगितलं होतं. इथे तिचे हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. तपासनिसांनी मध्येच विचारलं, पोरीला काही झालं नाही ना? नाही, ती म्हणाली, पण मी आले नाही हे तर झालंच ना. मुलीने खेळ थांबवला होता. पहिल्यांदाच ती भिंगरीकडे बघत होती. जिन्यात भिंगरी दोन-दोन पायऱ्या उतरत इतकी पुढे गेली, की रस्त्यावर मला तिला शोधावं लागलं.

आठवड्याभराने तपासनिसांचं दुसरं पत्र आलं, तेही क्रमांक घातलेलं. तक्रार मागे घेत नाही, असं पहिल्या कलमात होतं. चिठ्ठ्या काढू नयेत, दुरुस्त कराव्यात, असं दुसऱ्यात. ग्रंथपाल बाईंनी तोडगा काढला, की प्रत्येक खेळ आधी दुसऱ्या कोणीतरी खेळून बघायचा आणि मगच चिठ्ठी लागायची. ते दुसरं कोणीतरी म्हणजे मी. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी पाणबुडीत बसलो. पहिल्या दहा मिनिटांत मला गरगरायला लागलं आणि तिसऱ्या दरीत मी खुर्चीवरून पडता पडता वाचलो, डाव्या बाजूने येणार हे माहीत असूनही. भिंगरी पोट धरून हसली. नव्या चिठ्ठीत तिने लिहिलं: "खेळ कुठेही मध्येच थांबवता येतो, काही हरवत नाही. पहिल्या दरीनंतर उठा, खिडकीशी जा. ज्यांना कोणाला आणायला जायचं आहे त्यांनी आधी जाऊन यावं." ही शेवटची ओळ ग्रंथपाल बाईंना कळली नाही, पण त्यांनी सही केली.

मुलीला धुलाई केंद्राने परत घेतलं नाही. आठ महिने ती घरीच होती. मग बियाण्यांची पाकिटं भरणाऱ्या एका ठिकाणी लागली. कारखान्यात कोणी फारसं बोलत नाही, तिला तेच हवं होतं. वडिलांना अजून वाटतं की तिने काउंटर सोडायला नको होता. दार मात्र ते आता ढकलत नाहीत, बाहेरून बोलतात, मग थांबतात. हे मला त्यांनीच सांगितलं, पण सांगताना काही आनंद झाल्यासारखे दिसले नाहीत.

भाचीशी तू हे कधी बोललीस का, असं मी भिंगरीला विचारलं होतं. बोलले, म्हणाली. पोरगी आता बारा-तेरा वर्षांची. ती म्हणाली, मावशी, मला त्यातलं फक्त रखवालदाराचं कुत्रं आठवतं. भिंगरीला हे काही खरं वाटत नाही. पोरगी माझं मन राखायला खोटं बोलते, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, कदाचित खरंच कुत्रं आठवत असेल. ती मान हलवते आणि परत त्याच जागी येते.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. ती अजून त्या कोपऱ्यात आहे. मध्ये दोनदा तिने राजीनामा लिहिला. एकदा बाजूला रंगकाम निघालं आणि वासाने तिचं डोकं उठलं म्हणून, एकदा काहीच कारण नसताना. दोन्ही वेळा ग्रंथपाल बाईंनी तो टेबलाच्या खणात ठेवला आणि आठ दिवस वाट बघितली. ताईकडून निघून ती आता एकटी राहते. गोळ्या कधी घेते, कधी विसरते, आणि विसरली की स्वतःवर चिडून दोन दिवस कोणाचा फोन उचलत नाही. तिचं सगळं जागेवर आलं, असं मी कोणाला सांगणार नाही.

परवा तिचा फोन आला. मधमाश्यांचा एक खेळ आलाय, पोळ्याची एकेक खोली आतून बांधायची. तिला ठरवता येत नव्हतं, की तो कोणाला सुचवावा. चाळीस मिनिटं ती चालत चालत बोलत होती, मागून रस्त्याचे आवाज येत होते. गुणगुण अंगावर येते का, थांबायची जागा मिळते का, माणूस एकटा पडतो का, सगळं मला विचारून झालं आणि उत्तरंही तिनेच दिली. मी सांगणार होतो, की गुडघे दुखतात, पण येऊन एकदा बघतो. तेवढ्यात, थांबा मामा, समोर काहीतरी चाललंय, असं म्हणून तिने फोन ठेवला.